रोज काय होतं ते विचारू नका

मुकुंद गेल्याचं मला लंडनजवळ स्लाऊला कळलं, मुलीकडे गेले होते तेव्हा, तिच्या स्वयंपाकघरात, कणीक मळताना. हात पिठाने बरबटलेले, म्हणून मुलीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे रिबेका होती. रिबेका एरवी आधी हवा विचारते, मग माझे गुडघे, आणि मग कुठे मुद्द्यावर येते. त्या शनिवारी तिने काहीच विचारलं नाही. "सुनंदा, मुकुंद गेला. शेजारच्या डोरीनने पोलिसांना बोलावलं, त्यांनी दार उघडलं. अंथरुणातच होता. कधी गेला ते कोणालाच सांगता येत नाहीये..." आणि जरा थांबून म्हणाली, "अगं, मी बुधवारी दुपारी त्याच्या दारात उभी होते गं. दोनदा बेल वाजवली. उघडेना, म्हणून डबा घेऊन तशीच परत आले."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "बरं" म्हणाले असेन. मला रडू लवकर येत नाही. हा गुण की दोष यावर मुलीचं आणि माझं एकमत नाही. हात धुतले, घरी नॉटिंगहॅमला जायची संध्याकाळची ट्रेन शोधली आणि कणीक मुलीच्या हवाली केली.

आमचं तिघांचं जमायचं कारण कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात. आम्ही एका खुनावर भांडायला जमायचो. खून आमच्यापैकी कोणाच्याही ओळखीतला नव्हता. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, मुकुंदाच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे झालेला, आणि कधीच न सुटलेला. मुकुंद कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झाला आणि लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं वाचत बसायला लागला, तिथे त्याला ही भानगड सापडली. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आयुष्य काढलेलं, रिबेका शाळेत गणित शिकवायची. रिबेका मुंबईची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, भायखळ्यात वाढलेली, लग्न होऊन आधी लंडनला आली आणि नवरा गेल्यावर मुलाजवळ नॉटिंगहॅमला. तिच्या समाजातली इथली तरणी पोरं इंग्रजीच बोलतात; तिला मराठीत भांडायला माणसं हवी होती आणि ती आम्ही तिला मिळालो. महिन्यातून एक रविवार, मुकुंदाचं घर, मटकीची उसळ, पाव आणि एलनचा खून. अशी काही वर्षं गेली.

ही एलन म्हणजे लेस दुरुस्त करणारी विधवा बाई. सोमवारी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात मेलेली सापडली, डोक्यात शेगडीची सळई मारलेली. तिच्याकडे टॉम नावाचा एक तरुण भाडेकरू होता, तो रविवारी पहाटेच्या गाडीने आईला भेटायला परगावी गेला होता. म्हणजे एलन शनिवारी रात्री गेली असेल तर टॉमने मारलं असू शकतं. रविवारी दुपारपर्यंत जिवंत असेल तर टॉम सुटला. शेजारणीने शपथेवर सांगितलं की शनिवारी रात्री दोघांचं कडाक्याचं भांडण ऐकलं. बेकरने शपथेवर सांगितलं की रविवारी सकाळी एलनने मांसाचं भांडं त्याच्याकडे भाजायला दिलं आणि प्रार्थनेहून येताना नेलं. त्या काळी गरिबाघरी भट्टी नसायची, रविवारचं जेवण बेकरच्या भट्टीत भाजून आणायची पद्धत होती. चौकशी करणाऱ्यांनी शेजारणीचं ऐकलं. पुराव्याअभावी खटला उभाच राहिला नाही, पण टॉमला गावात कोणी काम देईना, बिचारा देश सोडून गेला.

मुकुंद रविवारवाला, रिबेका शनिवारवाली, आणि मी पंच. रिबेकाचा हुकमी एक्का म्हणजे एलनच्या अंगावरचा एप्रन. कामाच्या दिवसाचा, मळका. "देवाच्या दिवशी कुठली बाई कामाचा एप्रन घालेल? आमच्याकडे शुक्रवारी दिवेलागणीला आई कामाची साडी बदलून घडी करून आत ठेवायची, शनिवार संपेपर्यंत तिला हात नाही लावायची." मुकुंद उसळ वाढता वाढता म्हणायचा, "मॅडम, तुम्ही तुमच्या आईची साक्ष एलनच्या केसमध्ये काढताय." चिडवायचं असलं की तो तिला मॅडम म्हणायचा, एरवी आम्ही तिघंही अरे-तुरेतले. मग रिबेका डाव उपसून म्हणायची, "आणि तू त्या बेकरची साक्ष काय म्हणून मानतोस? इतक्या बायकांची भांडी त्याच्याकडे! दर रविवारी आणते म्हणून याही रविवारी आणलं असेल, असं समजून बोलला असेल मेला."

इथे मुकुंद हातातलं सगळं खाली ठेवायचा. हाच त्याचा मुद्दा होता आणि तो त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवला की मला झोपेत म्हणता येईल. "साक्षीदार खोटं बोलत नाही गं. तो सवय सांगतो. कालचा दिवस विचारला की रोजचा दिवस सांगतो, आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही. म्हणून रोज काय होतं ते विचारायचंच नाही. त्या दिवशी काय वेगळं झालं ते विचारायचं. शेजारीण काय म्हणते? भांडण ऐकलं. पुढच्याच वाक्यात म्हणते, दर शनिवारी भांडायचे. झालं, गेली ती साक्ष. बेकर काय म्हणतो? त्या रविवारी भांड्यावर नेहमीचं पांढरं फडकं नव्हतं, चौकड्यांचा रुमाल होता, मी तिला त्यावरून चिडवलंसुद्धा. हा माणूस रविवार पाहून बोलतोय." यावर रिबेका म्हणायची की बेकर आणि टॉम एकाच चॅपलचे, रुमाल मागाहून सुचला असेल. मग चहा. निकाल कधी लागला नाही आणि लागावा असं कोणाच्या मनातही नव्हतं.

माणूस म्हणून मुकुंद कसा होता हे सांगायचं तर जरा अवघड आहे, कारण त्याला स्वतःबद्दल बोलायचा कंटाळा. आई लहानपणीच गेली, सांगलीला मोठ्या बहिणीने, अक्कांनी, वाढवला. लग्न केलं नाही. का, म्हणून एकदा मी विचारलं तर म्हणाला, "पुरेसा पुरावा मिळाला नाही." पाळतीवर असल्यासारखा सगळीकडे बघायचा, पण कोणाच्या खाजगीत नाक खुपसायचा नाही. देवधर्म काही नाही. विजेचा स्मार्ट मीटर बसवला नाही, मोबाईल खणात पडलेला असायचा, तोही बहुतेक वेळा बंद. ऐकायला यंत्रं लागायची, ती दुपारी पडताना काढून ठेवायचा. कौन्सिलमध्ये तो कचऱ्याच्या गाड्यांच्या फेऱ्या आखायचा. कुठल्या रस्त्यावर गाडी कोणत्या वारी, कुठल्या आठवड्यात कोणत्या रंगाची बिन, सोमवारी बँक हॉलिडेची सरकारी सुट्टी आली की सगळ्या फेऱ्या एक दिवस पुढे... हे त्याच्या रक्तात होतं. बँक हॉलिडेच्या आठवड्यात गल्लीभर चुकीच्या दिवशी बिन्स बाहेर दिसल्या की तो खिडकीतून बघत बसायचा आणि म्हणायचा, "बघ, सगळं गाव सवयीने चाललंय." डोरीनचं कंबरेचं हाड दुखायचं, भरलेली बिन तिला ओढवायची नाही, म्हणून गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी दोघांच्याही बिन्स हा बाहेर ठेवायचा, आणि रिकाम्या झाल्या की डोरीन दोन्ही आत घ्यायची. या कराराबद्दल ती दोघं कधी बोलली असतील असं वाटत नाही.

मी नॉटिंगहॅमला पोचले तेव्हा रिबेकाने मुकुंदाचं स्वयंपाकघर आवरलं होतं. ओट्यावर मटकी भिजत घातलेली होती, ती पाण्यातच आंबून फेसाळली होती, ती टाकून भांडं घासून पालथं घातलेलं. पुढे अशा मृत्यूंची सरकारी चौकशी करणाऱ्या कॉरोनरकडून कळलं की हृदय बंद पडलं, झोपेतच. डॉक्टरांना नक्की दिवस सांगता येईना, दोन ते चार दिवस म्हणाले. कागदावर शनिवार आला, मृत सापडला तो दिवस. इंग्रज सरकारचं तेवढ्याने भागलं.

अक्कांचं भागेना. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी कोरडा होता. "सुनंदा, तिथी कुठली धरायची?" मी म्हटलं, अक्का, नक्की सांगता येत नाही म्हणतायत. तर म्हणाल्या, "गुरुजीपण तेच म्हणतात. तिथी माहीत नसेल तर अमावास्येला करा. अगं, अमावास्या काय, ज्याचं कोणी नाही त्याची असते. युद्धात हरवलेला, पुरात वाहून गेलेला... माझा भाऊ असा गेला का? घर होतं, दार होतं, तुम्ही दोघी होतात." त्या पुढे म्हणाल्या, "आई गेली तेव्हा हा एवढासा होता. जन्मला कधी ते घटकेसकट मला पाठ आहे. गेला कधी ते मला ठाऊक नसावं, हे मला चालायचं नाही. तुम्ही तिथे बसून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचा दिवस शोधत होतात ना? मग माझ्या भावाचा शोधा."

मुकुंद असता तर म्हणाला असता, मेल्यावर मला काय कळतंय, अमावास्या तर अमावास्या. पण तो नव्हता. आणि अक्कांचं म्हणणं मला पटलं होतं, श्राद्धावर माझा काडीचा विश्वास नसताना पटलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर 'साधारण' हा शब्द कोणाला वापरू दिला नाही, त्याच्या मरणाचा दिवस साधारण असावा हे मलाही सहन होईना.

तर आम्ही दोघी त्याच्याच टेबलाशी बसलो. माणूस अंथरुणात, नाईट सूट घातलेला, म्हणजे रात्री गेला एवढं पक्कं. रात्र कुठली? सोमवारी संध्याकाळी अक्कांशी लँडलाईनवर बोलला होता, आणि अक्का म्हणतात त्याने मंगळवारी सकाळी परत फोन करून भाच्याच्या मुलीच्या निकालाचं विचारलं. निकाल त्याच दिवशी लागला होता, त्यामुळे मंगळवार पक्का. गुरुवारी येणारं फुकटचं लोकल वर्तमानपत्र दारातच पडलेलं, कोणी उचललेलं नव्हतं, म्हणून गुरुवारची रात्र गेली. राहिल्या दोन रात्री, मंगळवारची आणि बुधवारची.

"मंगळवारची," रिबेका लगेच म्हणाली. तिने माझ्याकडे न बघता भराभर सांगितलं, जणू घरून पाठ करून आली होती. डोरीनने तिला सांगितलं होतं की मंगळवारी संध्याकाळी मुकुंदाने बिन्स बाहेर ठेवल्या. रविवारी आम्ही जमणार होतो, म्हणून मग रात्री त्याने मटकी भिजत घातली. सकाळी उपसून फडक्यात बांधायची, ती बांधलेलीच नव्हती, म्हणजे सकाळ त्याने पाहिलीच नाही. "मंगळवारी रात्रीच गेला तो. ऑनेस्टली, सुनंदा, दुसरं काही असूच शकत नाही. मी बुधवारी दारासमोरच गाडी लावून बेल वाजवली तेव्हा आत कोणी नव्हतंच उघडायला." मी म्हटलं, मटकी तो बुधवारी रात्री भिजवतो ना? एरवी बुधवारी भिजवली की रविवारला बोटभर मोड येतात. "थंडी होती," ती म्हणाली. "थंडीत एक दिवस आधी भिजवत असेल." आणि मग एकदम आवाज चढवून, "तुला काय तो बुधवारी जिवंतच हवाय का? मी दारात उभी असताना आत तो तडफडत होता, असं हवंय तुला?"

तेव्हा मला कळलं की ही बाई झोपलेली नाही. शनिवारपासून ती एकच खटला चालवते आहे आणि त्यात आरोपी तीच आहे. मी वाद वाढवला नाही. युक्तिवाद म्हणून तर तो बिनतोड होताच, आणि मला वाटलं, जाऊ दे, मंगळवार तर मंगळवार. अक्कांना तिथी मिळेल, रिबेकाला झोप. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारची तिथी बघायला उठलेसुद्धा. मग आठवलं की मुंबईत छापलेल्या त्या कॅलेंडरवर तिथी संपायची वेळ तिकडची असते आणि इथली रात्र म्हणजे तिकडची पहाट. मुकुंद दर दिवाळीला यावरून माझी टिंगल करायचा. मी एकदा लक्ष्मीपूजन उलटून गेल्यावर केलं होतं. त्याची आठवण आली आणि मी तशीच उभी राहिले. हा माणूस असा निकाल मान्य करेल? डोरीनने सांगितलं म्हणून? डोरीनला कोणी विचारलं होतं का, काय *वेगळं* झालं म्हणून?

डोरीनने चहा केला, बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. तिचं म्हणणं ठाम होतं. मंगळवारी संध्याकाळी मॅकने बिन्स ठेवल्या. मुकुंदाला ती मॅक म्हणायची, अख्खी गल्लीच म्हणायची. मी विचारलं, तू पाहिलंस का ठेवताना? "तो नेहमीच मंगळवारी ठेवतो, डक." इकडची माणसं सगळ्यांनाच डक म्हणतात. मी म्हटलं, नेहमीचं राहू दे. त्या आठवड्यात नेहमीसारखं नव्हतं असं काही झालं का? काहीही, कितीही फालतू. डोरीनने विचार केला आणि मान हलवली. काही नाही. तिच्या आठवड्यांत काय होणार! मग म्हणाली, हां, त्या बिनच्या लॉरीने माझी टॅक्सी अडवली होती. अरुंद गल्ली, पुढे लॉरी, टॅक्सीवाला शिव्या घालतोय आणि मी हॉस्पिटलला उशिरा पोचतेय, आणि तिथली नर्स माझ्यावर वैतागली...

"हॉस्पिटलला कशाला गेली होतीस?" मी विचारलं. कंबरेच्या हाडासाठी. ते क्लिनिक मला ठाऊक होतं. त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत मी इतकी वर्षं उभी होते. हाडांचं ते क्लिनिक गुरुवारी असतं, गुरुवारीच असतं, आणि गुरुवारी दुपारी आमच्या खिडकीशी काठ्या आणि वॉकर्सची गर्दी व्हायची. मी रिबेकाकडे पाहिलं. गणिताची बाई, तिच्या चेहऱ्यावर ते माझ्याआधी उमटलं होतं. सोमवारी मे महिन्यातला बँक हॉलिडे होता. कचऱ्याची गाडी एरवी बुधवारची, पण त्या आठवड्यात ती बुधवारी आलीच नव्हती, गुरुवारी आली होती. आम्ही दोघी रिटायर्ड, आम्हाला सगळे सोमवार सारखेच, आम्ही साफ विसरलो होतो. डोरीनही विसरली होती. मुकुंद? मुकुंद विसरेल? ज्याने त्या फेऱ्या आखल्या तो? त्याने बिन्स मंगळवारी ठेवल्याच नव्हत्या. तशा ठेवल्या असत्या तर बुधवारी दुपारी त्या भरलेल्या, तिथेच उभ्या असत्या, आणि रिबेकाने गाडी नेमकी त्याच्या दारासमोर, रिकाम्या पेव्हमेंटला लावली होती. बिन्स बुधवारी संध्याकाळी बाहेर गेल्या. ओढून नेणारा दुसरा कोणी त्या दोन घरांत नव्हता. आणि मटकीही मग बुधवारचीच. मंगळवारी भिजवली असती तर बुधवारी त्याने ती उपसून बांधली असती.

आम्ही डोरीनचे आभार मानून मुकुंदाच्या घरात परत आलो. रिबेका खुर्चीत बसली, पर्स मांडीवर तशीच. "म्हणजे मी बेल वाजवली तेव्हा तो जिवंत होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"होता," मी म्हटलं. "आणि धडधाकट होता. अगं, ऐक तरी नीट! तू गेल्यावर, संध्याकाळी, त्याने दोन भरलेल्या बिन्स ओढत रस्त्यापर्यंत नेल्या. परत आला, मटकी भिजवली, कपडे बदलले, झोपला. दुपारी कानातली यंत्रं काढून घोरत पडला असेल, दुसरं काय. तू बेल नाही, ढोल वाजवला असतास तरी उठला नसता. तुझी त्याला बुधवारी काही गरजच नव्हती, रिबेका."

चार दिवस ती जिवाच्या आकांताने मंगळवार लढवत होती, कारण तिला वाटत होतं मंगळवारच तिला सोडवेल. आणि तिला सोडवायला आला बुधवार. मग ती रडली. मोठ्याने, पर्समध्ये तोंड खुपसून. मी तिला रडू दिलं. चहा टाकला, कपाटातून कप काढताना माझ्या हाताला सवयीने तीन कप आले, एक परत ठेवला... आणि तेव्हा मलाही रडू आलं. सिंकचा नळ सोडला, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये. गेलं असेल.

पुढचा घोळ मात्र मुकुंदाला फार आवडला असता. बुधवारची रात्र ठरली, पण दिवस? रिबेका म्हणाली, आमच्यात सूर्य मावळला की पुढचा दिवस लागतो, म्हणजे माझ्या हिशेबाने तो गुरुवारी गेला, मी दरवर्षी त्याच्या आठवणीचा दिवा त्या तारखेला लावणार. अक्का म्हणाल्या, सूर्य उगवेपर्यंत आदलाच वार, म्हणजे बुधवार. आणि इंग्रजांचं मध्यरात्रीला बदलणार. एकाच रात्री गेलेला एकच माणूस, आणि तीन समाजांचे दिवस जुळेनात! गुरुजींना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांनी आधी माझी उलटतपासणी केली. संध्याकाळ म्हणजे तिकडे किती, सकाळ म्हणजे किती, उन्हाळ्याची घड्याळं तुम्ही पुढे केलेली का. मग पंचांग उघडून म्हणाले, "तुमची संध्याकाळ धरा, सकाळ धरा, दोन्ही टोकं वद्य षष्ठीतच आहेत. वार कुठलाही म्हणा. षष्ठी."

अक्कांच्या मागे भाचा कोणाला तरी गॅस बंद करायला सांगत होता. मग म्हणाल्या, "षष्ठी. बरं झालं." आणि जरा वेळाने, "मटकी भिजवली होती म्हणालीस ना? मीच शिकवली त्याला. जाताना मला म्हणाला, तिकडे काय खाऊ? म्हटलं, मटकी ने." पुढच्या षष्ठीला भाचा पहिलं मासिक करणार आहे. पानात मोड आलेल्या मटकीची उसळ वाढायची, असं अक्कांनी ठरवलं आहे. गुरुजींनी शास्त्रात बसत नाही म्हणून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, शास्त्र तुम्ही जेवा, उसळ त्याला वाढा.

एलनचं काय, असं कोणी विचारेल. एलन जिथे होती तिथेच आहे. मी रिबेकाला म्हटलं, बघ, डोरीनची टॅक्सी म्हणजे बेकरचा रुमालच की नाही? आता तरी रविवार मान. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या बेकरवर माझा काडीचा विश्वास नाही. मुकुंदाचं वेगळं." मला बरं वाटलं. ती मान्य करून बसली असती तर भांडायला कोण राहिलं असतं?

मे अखेरच्या बँक हॉलिडेच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, मी त्याच्या गल्लीत गेले होते. घर आता एजंटकडे जाणार, तेव्हा मटकीचं भांडं आठवण म्हणून न्यावं, एवढंच काम. गल्लीत चार-पाच घरांच्या बिन्स आदल्या दिवसापासून ताटकळत उभ्या होत्या, भरून, झाकणं अर्धवट उघडी. सगळं गाव सवयीने चाललेलं. डोरीनच्या दारासमोरच्या दोन बिन्स मात्र नुकत्या आणून ठेवल्यासारख्या दिसत होत्या, शेजारी शेजारी, दांडे रस्त्याकडे. एक डोरीनची, आणि एक त्याची. त्याच्या बिनचं झाकण मी उचलून पाहिलं. आत काही नव्हतं.

हे काम रिबेकाचं, हे मला ठाऊक होतं. मुकुंद गेल्यापासून ती दर आठवड्याला गाडी काढून इतक्या लांब येते, डोरीनची बिन ओढते, आणि त्याची रिकामी बिनही तिच्या शेजारी नेऊन ठेवते. मला याबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही आणि मीही विषय काढलेला नाही. डोरीनला तर दर आठवड्याला समोर दिसतंय कोण येतं ते. ती दारात काठी टेकून उभी होती. मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, यावेळी बरोबर दिवशी ठेवल्या हं बिन्स.

"मॅक ठेवतो ना," डोरीन म्हणाली. "बँक हॉलिडे तो कधी चुकवत नाही, डक."

पाहिलंस का ठेवताना, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. मी तो विचारला नाही. मटकीचं भांडं पिशवीत घातलं आणि तिला म्हटलं, "हो. तो कसा चुकवेल."